इंग्रजीचा पेपर कुठून येतो?

आमच्या शेजारचा एक मुलगा अकरावीत गेला. मार्क चांगले, डॉक्टर व्हायचं आहे. नाव कॉलेजात घातलेलं आहे, पण दिवस जातो तो बर्डीवरच्या कोचिंग क्लासमध्ये. परवा त्याने मला आपलं वेळापत्रक दाखवलं. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, परत फिजिक्स, मग टेस्ट. मी विचारलं, "यात इंग्रजी कुठे आहे रे?" तो म्हणाला, "काका, इंग्रजीत नुसतं पास व्हायचंय. ते कुठे मोजतात?"

मी जरा वेळ गप्पच बसलो. कारण माझ्या लहानपणी आमच्या घरात याच्या नेमकं उलटं वाक्य ऐकू यायचं. अब्बा म्हणायचे, "अंग्रेजी गई, तो समझो मॅट्रिक गया." मधे चाळीसेक वर्षं गेली. शहर तेच, बर्डी तीच, भाषाही तीच. मग एकाच विषयाचं वजन एका पिढीत इतकं चढलं आणि दुसऱ्या पिढीत इतकं उतरलं, ते कशाने?

याचं उत्तर शोधायला थोडं मागे जावं लागतं. चांगलं दीडशे वर्षं. मी इतिहासाचा अभ्यासक नाही. कविता लिहिणारा साधा बी.ए. माणूस आहे, आणि तेही इंग्रजीत काठावर निघालेला. पण काठावर निघालेल्या माणसाला काठ कोणी आखला याची उत्सुकता जास्त असते.

१८५४ साली नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि १८६१ साली मध्य प्रांत तयार होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. त्याच्याही आधी, १८४६ साली, स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने इथे शाळा काढली होती. हा मोठा विलक्षण माणूस. शाळा चालवायची, दगड आणि जीवाश्म गोळा करायचे, इथल्या आदिवासींच्या बोली आणि गाणी टिपून ठेवायची, असा त्याचा उद्योग. १८६३ साली ओढ्याच्या पुरात तो बुडून गेला. त्याच्या शाळेतली इंग्रजी हा अजून शाळेचाच मामला होता. शिकवणारा समोर, शिकणारा समोर.

पण १८५७ साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली होती. ही विद्यापीठं तेव्हा स्वतः शिकवत नसत, परीक्षा घेत. आणि त्यांची पहिली परीक्षा कॉलेजातली नव्हतीच, शाळेतली होती. कॉलेजच्या दारात उभी असलेली म्हणून कलकत्त्यात तिला 'एन्ट्रन्स' म्हणत, मुंबईत 'मॅट्रिक्युलेशन'. आपण तिचं 'मॅट्रिक' करून टाकलं. मुंबईची पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. रानडे आणि भांडारकर याच नव्या वाटेने पुढे गेले आणि १८६२ साली वागळे व मोडक यांच्यासह मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर झाले.

मध्य प्रांताच्या वाट्याला कलकत्ता आलं. नागपुरात कॉलेज व्हायला १८८३ साल उजाडलं, ते हिस्लॉप कॉलेज. दोनच वर्षांनी, १८८५ साली, आपल्या सीताबर्डीत मॉरिस कॉलेज निघालं. माजी चीफ कमिशनर जॉन मॉरिस यांच्या नावाचं. आज त्याचं नाव वसंतराव नाईक शासकीय कला व समाज विज्ञान संस्था आहे, पण रिक्षावाल्याला मॉरिस कॉलेज म्हटलं तरच लवकर कळतं. ही दोन्ही कॉलेजं कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली. म्हणजे नागपूरच्या हायस्कुलातल्या पोराने इंग्रजी काय वाचायची, कोणते उतारे पाठ करायचे, व्याकरणातलं काय यायला हवं, हे हजारावर किलोमीटर लांब कलकत्त्यात ठरत होतं. पेपर काढणाऱ्याने नागपूर कधी पाहिलेलं असण्याचं कारण नव्हतं. बंगाली मुलगा आणि मराठी मुलगा इंग्रजी शिकताना वेगवेगळ्या ठिकाणी अडखळतो, ही गोष्ट त्या पेपरला ठाऊक नव्हती.

आता कोणी म्हणेल, कॉलेजात जाणाऱ्या मुलाची इंग्रजी कॉलेजने तपासली तर बिघडलं काय? तिथे सगळं शिकणं इंग्रजीतूनच. मुलाला भाषा यायलाच हवी. हे मला मान्य आहे. प्रश्न वेगळा आहे. त्या वर्गात बसलेल्या सगळ्याच मुलांना कॉलेजात जायचं होतं का? बरीच मुलं मधेच गळत. जी मॅट्रिकपर्यंत पोचत, त्यातली कितीतरी पुढे कचेरीत, रेल्वेत, मिलच्या हिशेबखात्यात चिकटत. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली होती. तिथल्या कारकुनाला पत्र लिहिता यायला हवं होतं, मालाची यादी वाचता यायला हवी होती. त्याला वर्गात मिळाली ती कॉलेजच्या प्राध्यापकाला पुढे उपयोगी पडेल अशी इंग्रजी.

हे त्याच काळात, अगदी स्वच्छ शब्दांत सांगणारा एक माणूस आपल्याकडे होता. १८८२ साली सरकारने विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला. त्या आयोगाला १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुल्यांनी पुण्याहून निवेदन दिलं. हे निवेदन आपण सगळे ऐकून असतो ते प्राथमिक शिक्षणाच्या मागणीसाठी. शेतकऱ्याच्या साऱ्यातून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यातला मुख्य मुद्दा, आणि तो मोठाच आहे. पण त्याच निवेदनात हायस्कुलांबद्दलही एक तक्रार आहे, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. मॅट्रिकच्या परीक्षेने शिक्षकांचं आणि विद्यार्थ्यांचं लक्ष नको इतकं खाऊन टाकलं आहे, आणि नेमलेल्या अभ्यासक्रमात पुढे स्वतंत्रपणे जगायला उपयोगी पडेल असं व्यवहारी काही नाही, असं जोतीरावांचं म्हणणं. या शिक्षणातून निपजतात ते कारकून आणि मास्तर, असंही ते म्हणतात.

त्यातच आणखी एक बारीक गोष्ट आहे, मला ती फार महत्त्वाची वाटते. शाळेत नाव नसलेल्या, घरी अभ्यास करणाऱ्या मुलांना मुंबई विद्यापीठाने मॅट्रिकला बसू दिलं होतं. जोतीराव त्याबद्दल विद्यापीठाचे आभार मानतात आणि पुढच्या परीक्षांनाही हीच सवलत द्या म्हणतात. बघा, परीक्षेवर टीका करणारा हाच माणूस परीक्षेचं दार मात्र उघडं ठेवा म्हणतो. कारण दार बंद झालं तर बाहेर कोण राहतं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

हंटर आयोगाच्या नजरेलाही दुखणं आलंच. वरच्या वर्गात दोन फाटे करावेत, अशी शिफारस त्याने केली. एक फाटा विद्यापीठाच्या प्रवेशाकडे जाणारा, दुसरा व्यापार-उदीम आणि इतर कामधंद्याकडे. कागदावर हे फार छान दिसतं. प्रत्यक्षात काय झालं? दुसऱ्या फाट्याकडे लोक वळलेच नाहीत. मुंबईकडे स्कूल फायनल नावाची परीक्षा आली, पण आईबापांचा डोळा मॅट्रिकवरच राहिला. आणि मी त्यांना दोष देणार नाही. आपला पोरगा कॉलेजात जाणार नाही, असं तो बारा वर्षांचा असतानाच कोणता बाप लिहून देईल? शिवाय मॅट्रिकची किंमत कचेऱ्यांनाही कळत होती. नापास झालेलासुद्धा 'मॅट्रिकपर्यंत' असं अभिमानाने सांगायचा.

शाळेचे वर्गसुद्धा या दाराच्या हिशेबाने मोजले जात. मुंबई इलाख्यात मराठी चौथी झाली की मुलगा 'इंग्रजी पहिली'त जाई. इंग्रजी दुसरी, तिसरी असं करत सातवी आली की ती मॅट्रिक. वर्गाच्या नावातच इंग्रजी. जो या रस्त्याला लागला नाही तो मराठी सातवी करून व्हर्नाक्युलर फायनल देई आणि शिक्षक किंवा तलाठी होई. इतिहास, भूगोल, भूमिती, सगळं वरच्या वर्गात इंग्रजीतून. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज मराठी मुलगा इंग्रजीत पाठ करत असे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या, त्याचं कारण हेच. मराठी वाक्य घ्यायचं आणि त्याचं इंग्रजी करायचं. मला स्वतःला तर्खडकर फार आवडतात. त्यांच्या पुस्तकात निदान शिकणारा मराठी आहे, हे गृहीत धरलेलं होतं.

आणि इंग्रजीच्या जोडीला दुसरी भाषा असे, तिचंही दार होतंच. एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत घ्यायचं होतं. अस्पृश्य म्हणून ते मिळालं नाही. त्यांना फारसी घ्यावी लागली आणि १९०७ साली ते मॅट्रिक झाले. आमच्या घरात फारसी ही आजोबांच्या मायेची भाषा. तीच भाषा कोणाच्या वाट्याला नकार म्हणून आली, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं.

हा रोग फक्त गुलाम देशाचाच होता असं मात्र समजू नका. अमेरिकेत हार्वर्ड कॉलेजने १८७४ च्या सुमारास प्रवेशासाठी इंग्रजी निबंध लावला. निबंध कशावर, तर आधी नेमून दिलेल्या मोठ्या लेखकांच्या पुस्तकांवर. बाकी कॉलेजांनी तोच कित्ता गिरवला. झालं, देशभरातल्या हायस्कुलांत तीच पुस्तकं शिकवायची पाळी आली. मुलगा शेतकऱ्याचा असो की खाणकामगाराचा. तिथल्या शाळामास्तरांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि १९११ साली शिकागोत इंग्रजीच्या शिक्षकांची राष्ट्रीय परिषद स्थापन केली. कॉलेजं आम्हाला पुस्तकांची यादी देणार असतील तर शाळेत बसतो ते आम्ही कशाला, हा त्यांचा सवाल होता. आपल्याकडे नागपूरचा शाळामास्तर कलकत्त्याला जाऊन हा सवाल कसा विचारणार?

कलकत्त्याच्या परीक्षेने आणखी एक पीक काढलं. पुस्तक नेमलं की त्याच्या मागोमाग नोट्स आल्या, 'की' आल्या. मूळ पुस्तक न वाचता तिचीच घोकंपट्टी. १९०२ च्या विद्यापीठ आयोगाला याचा इतका वैताग आला की प्रवेशपरीक्षेसाठी इंग्रजीचं पाठ्यपुस्तकच नेमू नका, असं त्याने सुचवलं. पुढे १९०४ चा कायदा झाला आणि त्यानंतर आपली कॉलेजं कलकत्त्याकडून अलाहाबाद विद्यापीठाकडे गेली. पेपर आता दुसऱ्या गावाहून येऊ लागला, एवढाच फरक.

खरा बदल झाला तो १९२२ साली, आणि त्याचं श्रेय नागपूरला द्यायलाच हवं. आपण नागपूरकर संत्री आणि उन्हाळा सोडून कशाचा अभिमान फारसा सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९१७ ते १९१९ या काळात मायकेल सॅडलर यांच्या अध्यक्षतेखाली कलकत्ता विद्यापीठ आयोगाचं काम चाललं. सॅडलर इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठाचे कुलगुरू. त्यांच्या आयोगाने सांगितलं की शाळा आणि विद्यापीठ यांच्यातली सीमा मॅट्रिकवर नको, ती इंटरवर न्या. शाळेच्या परीक्षा विद्यापीठाच्या हातातून काढून वेगळ्या मंडळाकडे द्या. आणि हायस्कुलात इंग्रजी आणि गणित सोडून बाकी विषय मातृभाषेतून शिकवा.

बंगालसाठी लिहिलेल्या या अहवालावर बंगालात फारसं काही हललं नाही. मध्य प्रांताने मात्र तो उचलला. १९२२ साली हायस्कूल शिक्षणाचा कायदा झाला, मंडळ आलं, आणि हायस्कुलात मराठी-हिंदीसारख्या देशी भाषांतून शिकवायला सुरुवात झाली. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १९२३ रोजी, नागपूर विद्यापीठ स्थापन झालं. बिपिन कृष्ण बोस पहिले कुलगुरू. तुलनेसाठी सांगतो, मुंबईकडे मॅट्रिक विद्यापीठाच्याच हातात राहिली, ती एस.एस.सी. बोर्ड आल्यावर, १९४९ सालापासून सुटली. म्हणजे शाळेची परीक्षा विद्यापीठाच्या हातून काढून घेण्यात आपला प्रांत मुंबईच्या पाव शतक पुढे होता.

कल्पना करा, आपल्या बर्डीवरच्या एखाद्या शाळेतल्या मुलाला शिवाजी महाराजांचा इतिहास पहिल्यांदा मराठीत लिहायला मिळाला तेव्हा कसं वाटलं असेल. इंग्रजी आता सगळ्या विषयांच्या डोक्यावर बसलेली नव्हती, एक विषय होऊन खाली उतरली होती.

पण घोटाळा पुढेच होता. शाळा मराठी झाली, कॉलेज इंग्रजीच राहिलं. जूनमध्ये तोच मुलगा मॉरिस कॉलेजात जाऊन बसला की समोर इतिहास इंग्रजीत, तर्कशास्त्र इंग्रजीत, सगळं इंग्रजीत. मग शाळेतल्या त्या एकट्या इंग्रजीच्या पेपरवर भार किती आला बघा. आधी सहा विषयांतून मिळून जेवढी इंग्रजी अंगात मुरत होती, तेवढी आता एका तासात मुरवायची. मास्तरांनी काय केलं? जे कोणीही केलं असतं तेच. व्याकरण आणखी घट्ट केलं, निबंध पाठ करून घेतले, अर्जांचे नमुने घोकून घेतले. रेन आणि मार्टिनचं व्याकरण याच पुढच्या काळातलं. त्यातला रेन म्हणजे 'बो जेस्ट' ही साहसकादंबरी लिहिणारा पी. सी. रेन. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात त्याने नोकरी केलेली होती. कादंबरीत वाळवंट आणि बंदुका, आणि आमच्या वाट्याला डायरेक्ट-इनडायरेक्ट.

ज्यांना हे जमलं ते फार पुढे गेले, हेही खरं. कुसुमावती देशपांडे विदर्भातल्याच. लंडनला जाऊन इंग्रजी साहित्य शिकल्या, परत येऊन नागपुरात कॉलेजात इंग्रजीच्या प्राध्यापक झाल्या, आणि लिहिलं ते मराठीत. मराठी कादंबरीच्या पहिल्या शतकाचा इतका बारकाईने विचार करणारं त्यांचं पुस्तक इंग्रजीच्या वर्गातूनच उमललं असणार. १९६१ साली ग्वाल्हेरच्या मराठी साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष झाल्या, हा मान मिळालेल्या पहिल्या स्त्री. त्यांच्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण पेपर त्यांच्यासारख्यांसाठी काढलेला असतो आणि वर्गात दुसरेही बसलेले असतात.

स्वातंत्र्याच्या आगेमागे नागपूर विद्यापीठाने कॉलेजातही मराठी आणि हिंदी माध्यम आणायला सुरुवात केली. त्यामुळेच मी बी.ए. मराठीतून होऊ शकलो, सक्तीच्या इंग्रजीसकट. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्र झाला, १ जानेवारी १९६६ पासून राज्याचं माध्यमिक शिक्षण मंडळ आलं आणि नागपूर त्याचा एक विभाग झाला. आमचं वेगळं मंडळ इतिहासजमा झालं. मग १९७५ साली नव्या पद्धतीची दहावी आणि १९७७ साली पहिली बारावी. मधल्या काळात आयोगांचं म्हणणं काय होतं? १९२९ साली हार्टोग समिती म्हणाली की हायस्कुलात येणाऱ्या प्रत्येक मुलाने विद्यापीठाचीच तयारी करायची, या कल्पनेने सगळं माध्यमिक शिक्षण झाकोळलं आहे. १९५३ साली मुदलियार आयोगाने थोड्या फरकाने तेच म्हटलं. फुल्यांचं निवेदन कपाटातून काढून वाचलं असतं तर बराच प्रवासखर्च वाचला असता.

आता माझ्या घरातली गोष्ट. माझी थोरली बहीण, तिला आम्ही आपा म्हणतो. मराठी शाळेत गेली, घरात उर्दू वाचायला शिकली, हिशेबात तर इतकी पक्की की अब्बांच्या दुकानाची वही तीच बघायची. तिला प्राथमिक शाळेत शिक्षिका व्हायचं होतं. नव्या दहावीची ती सुरुवातीची वर्षं. आपा सगळ्या विषयांत पास झाली आणि इंग्रजीत गेली. ऑक्टोबरला पुन्हा बसली, पुन्हा तीन-चार मार्कांनी गेली. इंग्रजी आमच्याकडे पाचवीपासून सुरू व्हायची आणि तिच्या शाळेत या विषयाला दोन वर्षं धड शिक्षक नव्हते. कोणी नाव विचारलं तर सांगणार नाही, शाळेचाही दोष किती, देव जाणे. तिसऱ्या वेळी अब्बांनी फी भरली नाही. लग्न ठरलं.

आपाने पुढे तीस वर्षं घरी शिवणकाम केलं, वस्तीतल्या मुलींना शिकवलं, बचत गटाचे पैसे सांभाळले. त्या पेपरातली एक ओळही तिला कधी लागली नाही. आणि मराठी शाळेच्या पहिलीच्या पोरांना बाराखडी शिकवायला तरी ती कुठे लागणार होती? तिला अडवलं ते कॉलेजात जाणाऱ्यांसाठी आखलेल्या रेषेने, जिथे तिला जायचंच नव्हतं.

मी तिच्यानंतर काही वर्षांनी दहावी झालो, ते 'एकवीस अपेक्षित'च्या कृपेने. चार निबंध, दोन पत्रं, एक रजेचा अर्ज. अर्जातलं पहिलं वाक्य अजून झोपेत विचारलं तरी सांगेन, 'आय बेग टू स्टेट दॅट'. अर्थ कोणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता. मार्क मिळत होते.

यानंतर दाराची जागा परत सरकली. २००० सालच्या जूनपासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली. गावोगाव सेमी-इंग्रजीच्या तुकड्या निघाल्या. आपासारख्यांच्या मुलींना त्याचा फायदा झाला, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. २०१० साली अकरावीच्या प्रवेशासाठी 'बेस्ट फाइव्ह'चा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि योजना टिकली. सहा विषयांतले सर्वांत चांगले पाच धरायचे. म्हणजे इंग्रजीत कमी पडलेल्या मुलाची टक्केवारी इंग्रजी बाजूला ठेवूनही काढता येऊ लागली, फक्त पास झालं पाहिजे. २०२१ साली करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तेव्हा अकरावीसाठी सीईटी ठरली. त्यात इंग्रजीला पंचवीस मार्क होते. परीक्षा राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर, म्हणून दुसऱ्या मंडळाच्या विद्यार्थिनीने न्यायालयात धाव घेतली, आणि ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने ती सीईटीच रद्द केली. पेपर कुठून येतो, हा प्रश्न या वेळी निदान कोणीतरी विचारला.

आणि आता नीट. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, सातशेवीस मार्क. मराठीतून देता येते, उर्दूतूनही. इंग्रजी त्यात नाही. बारावीला इंग्रजीत पास असलं की झालं. माझा शेजारी मुलगा अगदी बरोबर बोलत होता. दार जे मागत नाही ते वर्गात शिकवलं जात नाही. पूर्वी दाराने इंग्रजी मागितली, तेव्हा बाकी सगळं गेलं. आता मागत नाही, तर इंग्रजीचा तास गेला. गंमत म्हणजे दार ओलांडल्यावर त्याला जी जाडजूड पुस्तकं वाचायची आहेत ती इंग्रजीतच आहेत. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ साली एमबीबीएसची हिंदी पुस्तकं काढली. आपल्याकडे वॉर्डात रोग्याशी मराठीत बोलायचं आणि पुस्तक इंग्रजीत वाचायचं, हेच चालू आहे.

मागच्या आठवड्यात तो मुलगा परत आला. वसतिगृहासाठी इंग्रजीत अर्ज करायचा होता. मोबाइलवर शोधून पाहिलं होतं, पण त्याला स्वतः लिहायचा होता, हे मला आवडलं. कोऱ्या कागदासमोर दहा मिनिटं बसला. शेवटी म्हणाला, "काका, सुरुवात तुम्ही सांगा." माझ्याकडे सुरुवात तयारच होती. मी म्हटलं, "लिही, आय बेग टू स्टेट दॅट."

त्याने लिहिलं आणि थांबला. "काका, बेग म्हणजे भीक मागणं ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग असंच ठेवायचं?"

दुसरं वाक्य मला सुचत नव्हतं, त्यालाही नव्हतं. तसंच ठेवलं.

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)